आईचा रिचार्ज आणि बाबांच्या नावावरचा नंबर

आई रोज रात्री आठच्या सुमाराला फोन करते. २१ मे २०२५ ला तिचा फोन आला नाही. २२ लाही आला नाही. मी लावला की ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला होता आणि आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पुण्यात बसून मनात काय काय येतं ते ज्यांचे आईवडील गावी एकटे असतात त्यांना सांगायला नको. २३ ला संध्याकाळी शेजारच्या वहिनींशी बोलणं झालं. आई बरी होती. तिचा रिचार्ज संपला होता, आणि पावसामुळे तिला एसटी थांब्याजवळच्या दुकानापर्यंत जाता आलं नव्हतं.

मी लगेच पुण्यातून २९९ चा रिचार्ज मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. एवढ्याशा गोष्टीपायी पुढं साडेतीन महिने गेले. ते कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण मला जी माहिती लागत होती ती तुकड्यातुकड्यांनी मिळाली आणि काही ठिकाणी चुकीचीही मिळाली.

आधी हिशेब. आईकडे बटणांचा साधा फोन आहे. ती इंटरनेट वापरत नाही, वापरूही शकत नाही. तरी दुकानदार दर वेळी २९९ चा, रोज इंटरनेट मिळणारा रिचार्ज मारायचा. त्याची मुदत २८ दिवस. महिना म्हणून आपण धरतो, पण २८ दिवसांनी वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. १३ गुणिले २९९ म्हणजे ३८८७ रुपये. शिवाय तारीख दर वेळी दोन-तीन दिवस मागं सरकते, त्यामुळे आईला ती लक्षात राहत नाही. पोथी वाचायला बसताना ती कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या करत होती, ते त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नजरेला पडलं.

फक्त बोलण्यासाठी आणि एसएमएससाठी वेगळे रिचार्ज असतात हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की कंपन्यांनी इंटरनेट नसलेला रिचार्जही ठेवलाच पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ पासून असे प्लॅन आले. मी पाहिलं तेव्हा १८४९ रुपयांत वर्षभर अमर्याद कॉल आणि ३६०० एसएमएस असा प्लॅन होता, आणि ८४ दिवसांचा साधारण पावणेपाचशेला. दुकानाच्या भिंतीवरच्या तक्त्यावर हे नसतात. कंपनीच्या ॲपमध्येही अगदी खाली जावं लागतं. ट्रायचं दर तुलना करण्याचं संकेतस्थळ आहे, तिथं राज्य आणि कंपनी निवडली की सगळे एका जागी दिसतात. मला तेच सोयीचं वाटलं.

पैसे वाचवायचे एवढंच असेल, तर तुमचं काम इथं संपलं. आहे त्याच कंपनीत पुढचा रिचार्ज इंटरनेटशिवायचा मारा. कंपनी बदलायची गरज नाही.

आमची अडचण रेंजची होती. घर दगडी भिंतींचं, मागे डोंगर. आईच्या कंपनीची रेंज फक्त अंगणात, तुळशीपाशी. पाऊस असला की आई डोक्यावर खोळ घेऊन तुळशीपाशी उभी राहून माझ्याशी बोलायची, आणि मला वाटायचं मागे पागोळ्यांचा आवाज येतोय. तो खोळीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज होता. हे मला दोन वर्षं कळलं नाही, याचं वाईट वाटलं.

कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे टाकायचे असा नियम १ एप्रिल २०२५ पासून आहे. मी ते सगळे पाहिले. नकाशात गाव सगळीकडे रंगवलेलं होतं, पण नकाशाला आमचा सोपा आणि चुलीची खोली कुठून कळणार. म्हणून २४ आणि २५ मेला मी शेजाऱ्यांची सिमकार्डं अर्ध्या अर्ध्या तासासाठी मागून आणली आणि आईच्याच फोनमध्ये घालून घरभर फिरले. सोपा, माजघर, चूल, परडं. प्रत्येक ठिकाणाहून माझ्या मोबाइलवर फोन लावला. एका कंपनीचा आवाज चुलीपाशी सुद्धा स्पष्ट आला. ती ठरली. प्लॅन निवडण्यासाठी मी जे जे केलं त्यात सगळ्यांत कामाचं हेच झालं, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

इथं एक सांगते. घरात जुना टू-जीचा बटणांचा फोन असेल तर आधी तो कोणत्या कार्डावर चालेल ते पाहा. जिओचं जाळं फोर-जी आणि त्यापुढचंच आहे, त्यामुळे तसा जुना फोन त्यावर चालत नाही. त्यांचा जिओभारत हा बटणांचा पण फोर-जी फोन वेगळा मिळतो आणि त्याचे रिचार्जही वेगळे व स्वस्त आहेत. आईला फोन बदलायचा नव्हता. त्याची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत.

नंबर बदलायचा तर प्रश्नच नव्हता. हा नंबर बाबांनी २००९ मध्ये घेतला. ते दूध सोसायटीचं काम बघायचे, त्यामुळे अख्ख्या वाडीकडे तो होता. बँक, गॅस, आधार सगळ्याला तोच. बाबा २०२३ मध्ये गेले आणि फोन आईकडे आला. आई म्हणाली, “कंपनी कुठली बी कर. नंबर त्यास्नी म्हाईत हाय तोच ऱ्हाऊ दे.” त्यास्नी म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतभर २० जानेवारी २०११ पासून आहे. आईच्या फोनवरून इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० ला पाठवायचा. उलट आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. २६ मेला, सोमवारी, सकाळी आम्ही तो मागवला आणि दोघी कराडला निघालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फार झाला नाही.

नव्या कंपनीच्या दुकानात मुलानं आईचं आधार कार्ड मागितलं आणि सहज विचारलं, “नंबर तुमच्याच नावावर आहे ना, मावशी?”

तो बाबांच्या नावावर होता. इतकी वर्षं तो प्रश्नच कधी आला नव्हता. मुलगा म्हणाला, आधी जुन्या कंपनीत जाऊन नाव बदलून आणा, मग पोर्ट करू. दुकानाबाहेर छत्री लावून सिम विकणारा एक जण हे ऐकत होता. तो मागून आला आणि म्हणाला, “कशाला हेलपाटे घालताय, मावशींच्या आधारावर करून देतो, कोण बघतंय.” क्षणभर मोह झाला. पण मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या नावाचं कार्ड खोटी माहिती देऊन घेणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या कार्ड हरवलं, बँकेची भानगड झाली, तर नंबर कोणाचा हे आईला सिद्ध करता आलं पाहिजे. कोड चार दिवसांनी आपोआप रद्द झाला. त्यानं काही नुकसान होत नाही, पुन्हा मागवता येतो.

तिथूनच आम्ही जुन्या कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या ग्राहकसेवेच्या दुकानात, गेलो. तासभर थांबल्यावर नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी तोंडी यादी सांगितली: मृत्यूदाखला, आईचं आधार, नातं दाखवणारा कागद म्हणून रेशनकार्ड, आणि मुलांची संमतिपत्रं. मी ती पाकिटाच्या मागे लिहून घेतली. ती यादी त्यांच्याकडून छापील मागायला हवी होती किंवा त्यांच्यासमोर वाचून दाखवायला हवी होती, कारण पुढच्या खेपेला ती बदलली.

मृत्यूदाखला ग्रामपंचायतीचा होता, दोन प्रती जपून ठेवलेल्या होत्या. भावाचं संमतिपत्र त्यानं भिवंडीहून सही करून, फोटो काढून पाठवलं आणि मूळ प्रत कुरियरनं. २ जूनला आम्ही पुन्हा कराडला. या वेळी काउंटरवर दुसरे गृहस्थ होते. त्यांनी दाखला पाहिला, पडद्याकडे पाहिलं आणि कागद परत सरकवले. दाखल्यावर बाबांच्या नावापुढं ‘राव’ होतं, २००९ च्या नोंदीत नव्हतं. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले.

आई खुर्चीवर बसून होती. तिनं मला विचारलं, “म्हंजी ह्यास्नी ते न्हाईत असं वाटतंया का?” याला मी काय उत्तर देणार. तिला वडापाव आणि चहा घेऊन दिला, तिथंच बसवलं, आणि मी तहसील कचेरीच्या आवारात गेले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रतिज्ञापत्राला १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. टाइप करणं आणि नोटरी मिळून ३५० झाले. पुढं आठवडाभरानं मी ग्राहकसेवेला फोन केला तेव्हा कळलं की साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि बाबांच्या आधारची झेरॉक्स चालली असती. ते ८५० रुपये मला अजून खटकतात. तुमच्यावर ही वेळ आली तर स्टॅम्प घ्यायला धावण्याआधी तिथूनच ग्राहकसेवेला फोन लावा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांक विचारला की बोलण्याची रीत बदलते.

साडेचारला परत आले. कागद घेतले. मग अर्ज भरणं. १ जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्म बंद झाले आहेत, सगळं टॅबवर होतं. आईचा तिथल्या तिथं फोटो काढतात, त्यामुळे माणूस स्वतः जावंच लागतं. ओटीपी दुसऱ्या एखाद्या नंबरवर येतो, म्हणून सोबत चालू मोबाइल असलेलं कोणीतरी हवं. फोटोसाठी आईनं पदर डोक्यावरून नीट केला. त्या गृहस्थांनी वाचून दाखवलं, “जुना ग्राहक, मयत. नवा ग्राहक,” आणि मग आईचं पूर्ण नाव घेतलं. सातबारा, रेशनकार्ड, वीजबिल, आमच्या घरातलं सगळं बाबांच्या नावानं सुरू होतं. एखादी वस्तू फक्त आईच्या नावावर होताना मी पहिल्यांदा पाहिली. आई त्या टॅबकडे बघत राहिली, काही बोलली नाही.

१० जूनला नाव बदलल्याचा एसएमएस आला. कार्ड तेच राहिलं. मी महिनाभरानं संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर, ओटीपी घेऊन, आईच्या नावावर किती नंबर आहेत तेही तपासलं. एकच होता, तोच. हे प्रत्येकानं आपल्या घरच्यांसाठी एकदा करावं असं मला मनापासून वाटतं.

पोर्ट मात्र लगेच केलं नाही. पोर्ट झालं की जुन्या कंपनीतला उरलेला रिचार्ज आणि शिल्लक बुडते. २० जूनला मुदत संपताच मी तिथंच ८४ दिवसांचा, फक्त बोलण्याचा रिचार्ज मारला. तो ११ सप्टेंबरला संपणार होता. भातलावणीचे दिवस, गौरी-गणपती, सगळं मध्येच. आईनं अजून एक पावसाळा तुळशीपाशी काढला. ते मला बोचत होतं, पण शेताची कामं टाकून ती तिसऱ्यांदा कराडला यायला तयार नव्हती.

या मधल्या दिवसांत एक गोष्ट हाती लागली ती योगायोगानंच. गणपतीत घरी असताना मी आईच्या फोनमधले नंबर पाहत होते. सगळे नंबर कार्डावर साठवलेले होते, फोनमध्ये एकही नाही. नवं कार्ड घातलं असतं की यादी कोरी. साध्या फोनमध्ये सेटिंगमध्ये ‘सिमवरून फोनमध्ये कॉपी’ असा पर्याय असतो, तो शोधला. कॉपी करण्याआधी एकेक नाव वाचत बसले. बाबांनी सगळी इंग्रजी अक्षरांत, त्यांना जशी जमली तशी टाइप केलेली. डेअरी मास्तर. गिरणी. भावजी कराड. सलाइनवाला डॉक्टर. माझं नाव ‘ताई पुणे’ आणि पुढं एक, दोन, तीन, कारण मी तीनदा नंबर बदलला होता आणि त्यांनी एकही पुसला नव्हता. पंचाऐंशी नावं होती. मी ती फोनमध्ये घेतली, शिवाय वहीत उतरवून काढली. कार्ड बदलणार असाल तर बाकी काही विसरा, हे विसरू नका.

९ सप्टेंबरला बाबांच्या तिथीसाठी गावी होते. काम त्याच फेरीत उरकायचं होतं. वहिनी म्हणाल्या, पितृपंधरवड्यात नवीन काही घेऊ नये. आई म्हणाली, “नंबर जुनाच हाय की. नवं कुठं काय घ्येतुया?” नैवेद्य झाला, कावळा शिवला, मग तिनं स्वतः १९०० ला एसएमएस पाठवला. मी अक्षरं सांगत होते, ती दाबत होती. कोड दोन मिनिटांत आला. अजूनही काही ठिकाणी सांगतात की एसएमएस जाण्यासाठी मोठा रिचार्ज हवा. तसं नाही. कुठलाही रिचार्ज असो, १९०० चा एसएमएस जाऊ द्यायचाच, असं ट्रायनं डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावलेलं आहे. पोस्टपेड असेल तर बिलाची थकबाकी आधी भरावी लागते, आणि एका कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावे लागतात. कोड नाकारला तर कारण एसएमएसमध्येच येतं.

दुपारी कराडला तोच मुलगा होता. त्यानं आईला ओळखलं. आधार, फोटो, ओटीपी, वीस मिनिटांत संपलं. कार्डाचे आणि पोर्टिंगचे पैसे घेतले नाहीत, १८४९ चा वर्षाचा रिचार्ज तेवढा भरला. मन बदललं तर २४ तासांत रद्द करता येतं, नाहीतर एकाच परिमंडळात, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात (सर्कलमध्ये), तीन कामाचे दिवस लागतात. मुंबई वेगळं परिमंडळ आहे. मुंबईचा नंबर उर्वरित महाराष्ट्रात आणायचा तर पाच कामाचे दिवस धरा. जुनं कार्ड बंद पडेपर्यंत काढायचं नाही, हे त्यानं आईला दोनदा सांगितलं.

कार्ड मोठ्या आकाराचं मागून घ्या. साध्या फोनच्या खाचेत बारीक तुकडा बसत नाही. आम्हाला तीन आकारांत निघणारं मिळालं होतं, तरी मी मुलाकडून एक वेळ फोनमध्ये बसवून बघितलं आणि पुन्हा जुनं घातलं.

१० ला मला पुण्याला परतावं लागलं. ११ च्या रात्री कधीतरी जुनं कार्ड बंद पडलं. १२ ला, शुक्रवारी, मी सहापासून जागी होते. फोन लावला तर लागेना. वहिनींची मुलगी कॉलेजला जाण्याआधी आईकडे जाऊन कार्ड बदलून देणार होती, पण तिची गाडी साडेसातची. सात वाजून गेले. मधेच वीज गेली असेल, कार्ड उलटं बसलं असेल, मुलगी विसरली असेल.

सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर ‘बाबा’ असं नाव आलं, मी ते कधी बदललं नाहीये.

“अगं, आवाज येतुया का?” आई म्हणाली.

येत होता. मागे पाऊस नव्हता. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तिनं फोन खांद्यात धरला होता आणि ती चुलीपुढं बसून बोलत होती.

जुनं कार्ड तिनं फेकलं नाही. बाबांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं आहे.

त्यानंतर तिनं गॅस बुक करून पाहिला, बँकेचा एसएमएस आला, दोन्ही जसंच्या तसं. पुढचा रिचार्ज सप्टेंबर २०२६ मध्ये. तारीख आईनं कॅलेंडरच्या शेवटच्या पानामागे पेनानं लिहून ठेवली आहे.